न्हाणीवरचा बिल्ला

रंजना गेली हे मला कळलं त्या सकाळी वर्तमानपत्रात आमचा फोटो आला होता. खारशेत औद्योगिक वसाहतीत आम्लगळती, एकोणचाळीस मिनिटांत आटोक्यात, बाधित शून्य, असं वर मोठ्या अक्षरांत होतं. फोटोत मधोमध आमचे सुरक्षाप्रमुख निरगुडकर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इक्बाल परकार आणि मागे सहा पायांचं यंत्र, ज्याला आम्ही खेकडा म्हणतो. रंजना, म्हणजे माझी बायको, आमच्याच पथकात होती. ती फोटोत नव्हती.

मी तेव्हा वसाहतीच्या रुग्णालयात चिठ्ठीच्या खिडकीसमोर उभा होतो. माझ्यापुढे तिघे होते. एकाच्या हातात तोच पेपर होता आणि तो एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, तुम्हीच ना हे. मी हो म्हणालो. त्याने माझं अभिनंदन केलं. तेवढ्यात जिन्यावरून नर्स खाली आली, घाग कोण म्हणून विचारलं आणि मला वर घेऊन गेली.

वर डॉक्टर पाखरे होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी हृदय बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं. कशानं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं.

"संपर्क नाही असं दाखवतंय," ते म्हणाले. "हृदयविकारच लिहावा लागेल."

तिचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत राखाडी पडले होते. ते चादरीखाली होते. चादर बाजूला करायला दोन बोटं लागतात. डॉक्टरांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

वसाहतीत दर दोनशे मीटरवर एक खांब आहे आणि प्रत्येक खांबावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी. पेटीत चौसष्ट पापुद्रे असतात, प्रत्येक वेगळ्या पदार्थाचा. हवेतले रेणू पापुद्र्याला चिकटले की त्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. अमोनिया आला की काही पापुद्रे जास्त बदलतात, क्लोरीन आला की दुसरे. चौसष्ट आकड्यांचा मिळून एक ठसा तयार होतो आणि प्रत्येक वायूचा ठसा निराळा असतो. मुख्य इमारतीतला संगणक तो ठसा ओळखतो, वाऱ्याची दिशा धरतो आणि चार सेकंदांत सांगतो की काय सांडलंय, किती सांडलंय, कुठे निघालंय आणि कोणी कोणत्या गेटने बाहेर पडायचं. मग खेकडे निघतात, व्हॉल्व्ह बंद करतात, चुना मारतात. या सगळ्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला नाक म्हणतो.

नाक चांगलं आहे. ते येण्याआधी आम्ही काय करायचो तेही सांगतो. रुमाल वर धरून वारा पाहायचो आणि ड्रमवरचं पुसलेलं लेबल वाचायला एका माणसाला जवळ पाठवायचो. त्यात दोन माणसं गेलेली मी पाहिली आहेत. नाकाने कोणाला लेबल वाचायला पाठवलं नाही. यंत्राला मी काय बोलणार. बोलायचं आहे ते त्याच्यापुढे डोळे मिटून बसलेल्यांबद्दल, आणि त्यात मी कुठे बसलो होतो तेही येईल.

नाक आल्यावर पहिल्या वर्षी आमचं चाळीस जणांचं पथक सहावर आलं. दुसऱ्या वर्षी चिठ्ठी आली. पथकाच्या प्रत्येक सूटमध्ये एक चकती असते. ती पाहून नाक ठरवतं की कोण किती वेळ कशात होता, आणि तशी चिठ्ठी देतं. चिठ्ठीवर बाधित असं आलं तरच रुग्णालयातलं उताऱ्याच्या औषधांचं कपाट उघडतं. पूर्वी लोक उगाचच औषधं मागायचे, असं कारण सांगितलं गेलं. पूर्वी डॉक्टर माणूस पाहून औषध द्यायचे, हे कोणी सांगितलं नाही. आमच्या गाडीत कॅल्शियमच्या जेलच्या नळ्या असायच्या, त्याही काढून घेतल्या. रुग्णालयात आहेत ना, मग दोनदा कशाला, असं निरगुडकर म्हणाले. निरगुडकरांना दोनदा असलेली कोणतीच गोष्ट आवडत नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा एकच असतो आणि पाहुण्याला विचारत नाहीत.

आमचा स्वतःचा एक फळा होता. लाकडी, खिळे मारलेला, नाकाच्या कितीतरी आधीचा. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे, त्यावर नंबर. आत जाताना बिल्ला फळ्यावरच्या माणसाकडे द्यायचा, तो खिळ्याला टांगायचा. बाहेर येताना आधी न्हाणीवर यायचं. न्हाणी म्हणजे गेटाबाहेर बांधलेला सिमेंटचा ओटा, वर फवारे, हातात धरायचा एक पाइप आणि खाली पाणी जायला मोरी. न्हाणीवरचा माणूस प्रत्येकाला डोक्यापासून बुटाच्या तळव्यापर्यंत धुवायचा. धुऊन झालं की फळ्यावरचा माणूस बिल्ला परत द्यायचा, आणि तो ज्याचा त्याच्याच हातात, दुसऱ्याच्या नाही. न्हाणीवरचा माणूस आत जात नाही, तरी त्याचाही बिल्ला टांगलेला असायचा, कारण सगळ्यांच्या अंगावरचं त्याच्या अंगावर उडतं. सगळे आटोपले की फळ्यावरच्या माणसाने पाइप हातात घेऊन धुणाऱ्याला धुवायचं आणि मग शेवटचा बिल्ला द्यायचा. फळा रिकामा झाला की काम संपलं. भोंगा वाजला म्हणून संपत नसे, साहेब म्हणाले म्हणूनही नाही.

चौदा वर्षं न्हाणीवर रंजना होती आणि फळ्यावर मी. ती आली तेव्हा झाडूवाली म्हणून कंत्राटावर आली होती. एकदा न्हाणीवरचा माणूस घाबरून पळाला तेव्हा तिने पाइप उचलला आणि मग खाली ठेवलाच नाही. तिचा नंबर बारा.

इक्बाल तिला विचारायचा, "वहिनी, घरी पण घागशेटना टांगता का खिळ्याला?"

"टांगलं असतं," ती म्हणायची, "पण आमच्या भिंतीत खिळा टिकत नाही."

शेवटी मी तिला धुवायला लागलो की पथकातले सगळे मुद्दाम थांबून बघायचे. ती मान वाकवून उभी राहायची आणि हुकूम सोडायची, कानामागे मारा, बुटात मारा, हळदीच्या दिवशीसुद्धा एवढं पाणी नव्हतं घातलं कोणी. आमची मुलगी केतकी लहान असताना अंगणात बाहुल्यांना न्हाणी करायची आणि प्रत्येक बाहुलीच्या हातात बाटलीचं बूच द्यायची. शेवटचं बूच ती स्वतःकडे घेत नसे. आधी मला धुवा, म्हणायची.

निरगुडकरांनी फळा काढायला सांगितला तेव्हा मी तो न्हाणीशेजारच्या भांडारघराच्या दारामागे लावला आणि गळतीच्या दिवशी बिल्ले टांगत राहिलो. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे घाग, तुमची हौस. पुढे पाहुणे आले की ते दार उघडून दाखवायचे, हे आमचं जुनं. म्हणजे फळा होता, पण चेष्टेला होता. न्हाणीला तर नाकाच्या नकाशात धोक्याच्या लाल रेषेच्या बाहेर टाकलं होतं, म्हणून न्हाणीवरच्या माणसाला सूट नाही आणि सूट नाही म्हणून चकती नाही. एक एप्रन आणि गमबूट.

मोरी वर्षभर तुंबलेली होती. मी तीन वेळा लिहून दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, की त्या जागी वायूची नोंद नाही, प्राधान्य कमी.

गळती झाली मंगळवारी सकाळी साडेनऊला. फ्रिज-एसीत भरायचं शीतक बनवणाऱ्या एका कारखान्यात टँकर रिकामा होत होता आणि पाइपच्या जोडातलं गॅस्केट गेलं. सत्तर टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्ल. बाकीची आम्लं कातडी जाळतात, माणूस ओरडतो, पाण्याखाली पळतो, जखम होते. हे आम्ल काच खातं, पण माणसाच्या बाबतीत त्याला घाई नसते. त्यातला फ्लुओराइड कातडीतून आत उतरतो आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसतो. हृदयाला ठोका द्यायला कॅल्शियम लागतं. ते कमी पडत गेलं की ठोके चुकतात आणि मग थांबतात. आम्ल पाण्यात मिसळून पातळ झालेलं असेल तर कित्येक तास दुखतसुद्धा नाही. उपाय साधा आहे. लगेच भरपूर चांगल्या पाण्याने धुवायचं, जेल चोळायचं, जास्त असेल तर कॅल्शियम टोचायचं. पथकात आल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

नाकाने चार सेकंदांत ओळखलं. गेटं बरोबर सांगितली, वाऱ्याखालचे चार कारखाने रिकामे केले. खेकड्यांनी चुना मारला. व्हॉल्व्हचं एक चाक हाताने फिरवावं लागलं, कारण ते गंजलेलं होतं आणि खेकड्याची पकड त्यावरून घसरत होती. इक्बाल आणि आणखी एक जण आत गेले, चाक फिरवलं आणि आम्लात न्हाऊन निघाल्यासारखे बाहेर आले. रंजनाने दोघांना धुतलं. पहिलं पाणी सगळं आम्लाचं होतं आणि ते जाणार कुठे, मोरी तुंबलेली. ओट्याच्या कडेपर्यंत चढलं आणि तिच्या गमबुटांच्या तोंडातून आत गेलं. तिने तिथूनच ओरडून मला सांगितलं की मोरीने घात केला, आवरते पटकन. तिने आवरलं पटकन. दोघांना धुवायला, मग खेकडे धुवायला, तासाच्या वर ती त्या पाण्यात उभी होती.

न्हाणीपाशी नाकाला काहीच लागलं नाही. त्यात त्याची चूक नाही. ते हवा हुंगतं आणि आम्ल पाण्यात होतं.

धोका टळल्याचा भोंगा तर मघाशीच, एकोणचाळिसाव्या मिनिटाला झाला होता. निरगुडकर फोटोवाल्याला घेऊन आले. आमच्या वसाहतीत रुग्णवाहिकेआधी फोटोवाला पोचतो. खेकडे धुऊन चकचकीत झाले होते, फोटो त्यांच्यासाठीच थांबला होता. निरगुडकरांनी हाक मारली, घाग, या, जुना माणूस पाहिजे फोटोत. मी फळ्याकडे पाहिलं. एकच बिल्ला उरला होता, बारा. रंजना पाइप गुंडाळत होती. मी तिला म्हटलं, आलोच.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "बिल्ला ठेवा खिशात, घरी द्या."

मी बिल्ला खिळ्यावरून काढला, खिशात टाकला आणि फोटोला गेलो. फोटो झाल्यावर निरगुडकरांनी चहा मागवला. मी तो प्यायलो. परत आलो तेव्हा ती गमबूट उलटे करून पाणी ओतत होती. पाय तिने टॉवेलने पुसले होते आणि चपला घातल्या होत्या. आम्ही दोघं घरी गेलो.

निरगुडकरांची, त्यांच्या नाकाची आणि फोटोची मी सहा वर्षं टिंगल केली. एका हाकेला मी गेलो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिचे पाय ओढू लागले. सहा वाजता ती म्हणाली की आतून कोणीतरी हाड पिळतंय. वरून काही दिसत नव्हतं, थोडी पांढुरकी कातडी. मी तिला रुग्णालयात नेलं. डॉक्टर पाखऱ्यांनी तिचं नाव पडद्यावर टाकलं. संपर्क नाही. मी त्यांना सांगितलं की ती न्हाणीवर होती, आम्ल कोणतं होतं आणि कॅल्शियम द्या. ते म्हणाले की न्हाणी रेषेबाहेर आहे, चिठ्ठीशिवाय कपाट उघडत नाही. मात्र अपवादाची सोय आहे, त्यासाठी दोन प्रश्न आहेत. पहिला, रुग्ण पथकातला आहे का. दुसरा त्यांनी मला वाचून दाखवला.

"काम संपल्यावर रुग्णाला नियमाप्रमाणे धुतलं होतं का? फळ्यावर तुम्हीच होतात ना?"

चौदा वर्षं प्रत्येक गळतीनंतर वहीत मी हेच लिहिलंय. सगळे धुतले, फळा रिकामा. दर वेळी ते खरं होतं.

"हो," मी म्हणालो.

रंजना शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे. परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. पाखऱ्यांनी होच्या चौकोनावर बोट ठेवलं, धुतलेल्याला अपवाद नाही असं उमटलं, पडदा बंद झाला आणि कपाटही बंदच राहिलं. गमबुटाने पाय उबतात, असं म्हणून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. एवढ्या वेळात त्यांनी तिच्या पायाला हात लावला नाही. लावला असता तर माझ्या होची त्यांना गरज पडली नसती. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. दोघांनी मिळून केलं, एवढंच.

बाहेर आल्यावर रिक्षात ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सांगाल."

मी म्हटलं, सकाळी सांगतो. सकाळी तिला धाप लागली, हात आखडले, आणि भरती केल्यावर मी खाली चिठ्ठीच्या खिडकीपाशी रांगेत जाऊन उभा राहिलो. माझा जबाब बदलायचा होता. माझ्यापुढे तिघे होते.

केतकी पुण्याहून आली आणि तेराव्यापर्यंत राहिली. ती घरातलं सगळं शांतपणे करत होती. तेराव्याच्या दुपारी, लोक गेल्यावर, भांडी पुसता पुसता ती म्हणाली की ती रोज रात्री एकाच गोष्टीने झोपते. कोणाच्या हृदयाचं काही सांगता येत नाही, पण आईला शेवटी बाबांनी धुतलं होतं, त्यामुळे आम्लाने काही झालं नाही एवढं तरी नक्की.

मी तिला सांगितलं की तो टोप वरच्या फळीवर ठेव.

सव्वा महिना झाला तेव्हा ईश्वरी सोनटक्के नावाची मुलगी घरी आली. नाकाला शिकवायचं काम ती करते. निरगुडकरांनी तिला पाठवलं नव्हतं, उलट जाऊ नको असं सांगितलं होतं. मी तिला सुरुवातीला दारातच उभं केलं. म्हटलं, तुमचं यंत्र बरं आहे ना, त्याला सर्दी वगैरे झाली नाही ना.

"काका, आत येऊ का?" ती म्हणाली. "पाय दुखतायत."

ती स्टेशनवरून चालत आली होती. मी तिला पाणी दिलं.

तिने जे सांगितलं ते असं. नाक घडलेल्या घटनांवरून शिकतं. प्रत्येक घटना त्यात जाते, कोण कुठे होता, काय वाटलं, पुढे काय झालं. एका वसाहतीत शिकलेलं बावीस वसाहतींना मिळतं. रंजनाची घटनाही त्यात गेली आहे. न्हाणीवर होती, धुतली होती, संपर्क नाही, पाय दुखले, हृदयविकाराने गेली. त्यातून नाक एवढंच शिकलं की न्हाणीवरच्या माणसाचे पाय दुखले तर ते आम्लाचं नसतं.

"मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका वसाहतीत हेच झालं," ती म्हणाली. "न्हाणीवरचे गृहस्थ, तुमच्याच वयाचे. त्यांच्या चिठ्ठीवर संपर्क नाही असं आलं आणि खाली लिहिलं होतं, अशीच घटना, खारशेत."

ते वाचले होते, कारण तिथल्या एका नर्सने कुलूप फोडलं. तिच्यावर चौकशी चालू आहे. गृहस्थांची उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

ईश्वरी म्हणाली की तिचा त्या होवर विश्वास बसत नाही. धुतलेल्या पायांचं असं होत नाही. नाकाला पाण्यातलं ओळखायला शिकवता येईल, मोरीच्या तोंडाशी एक पेटी बसवता येईल, पण त्यासाठी घटना दुरुस्त व्हायला हवी, आणि ती दुरुस्त करू शकणारा एकच माणूस आहे. तिने कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. शिकलेल्या माणसात एवढी समज मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

मी कागदाकडे पाहत बसलो. सही केली तर काय होईल ते मला दिसत होतं. निरगुडकर सुटतील, पाखरे सुटतील, मोरी सुटेल. घागने बायकोला धुतलं नाही आणि वर खोटं सांगितलं, एवढंच उरेल, आणि ते खरं असेल. केतकीची झोप जाईल. सही केली नाही तर माझा हो बावीस ठिकाणी फिरत राहील आणि प्रत्येक न्हाणीवरच्या माणसाला तोच घरी पाठवेल.

मी आधी केतकीला फोन केला. कागदावरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं म्हणून. सगळं सांगितलं, चहासकट.

"फोटोसाठी गेलात," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी करेपर्यंत फोन करू नका."

मी सही केली.

कागद वाचून निरगुडकरांचा चेहरा जितका उजळला तितका मी फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मग अहवाल आला, त्यात मानवी चूक हे शब्द नऊ वेळा होते. मी मोजले. मोरीचा उल्लेख एकदा होता, तोही माझ्या जबाबातला म्हणून अवतरणात, म्हणजे असं याचं म्हणणं. पाखऱ्यांनी नियमाप्रमाणे केलं, असं होतं. तेही खरं आहे. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. मला सेवेतून कमी केलं. मी तक्रार केली नाही.

ईश्वरीने तिचं काम केलं. पाच महिन्यांनी नाकाची नवी आवृत्ती आली. आता न्हाणीपाशी पाण्यात बुडवलेली एक पेटी आहे आणि न्हाणीवरच्या माणसाच्या एप्रनला चकती आहे. समारंभ झाला. निरगुडकरांनी भाषणात सांगितलं की आमची यंत्रणा चुकांतून शिकते. ते स्वतः यंत्रणा नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ते बंधन नाही. मला निमंत्रण नव्हतं. हे मला इक्बालने सांगितलं.

इक्बाल दर रविवारी येतो. सुरुवातीला नुसता बसायचा. तिने धुतलं म्हणून तो धडधाकट आहे आणि ती नाही, हे त्याला सहन होत नाही. जोडीला माझ्यावरही राग आहे, तो बोलून दाखवत नाही, पण मला घागशेट म्हणायचं त्याने सोडलं आहे. नुसतं घाग म्हणतो.

मागच्या आठवड्यात छोटी गळती झाली, ती त्याने सांगितली. न्हाणीवर आता नवीन बाई आहेत, शोभा म्हणून, कंत्राटावरच्या. पाणी पुन्हा ओट्यावर चढलं. पण या वेळी नाक बोललं. भोंग्यातून स्वच्छ आवाजात आलं की न्हाणीवरील व्यक्ती बाधित आहे, कृपया तिला धुवावे. चिठ्ठीही लगेच निघाली. रुग्णालयातलं कपाट उघडलं. म्हणजे माझ्या सहीचा उपयोग झाला, हे मला मान्य करायला हवं. ती बाई जिवंत आहे.

मी इक्बालला विचारलं, धुतलं कोणी.

तो म्हणाला की आवाज आला तेव्हा सगळे फोटोकडे गेले होते. तोही सूट उतरवायला गेला होता. शोभाबाई पाइप घेऊन इकडेतिकडे बघत होत्या. आवाज पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, कृपया धुवावे, कृपया धुवावे. शेवटी त्यांनी स्वतःच पाइप उलटा धरून पायांवर पाणी मारलं. पाठीमागे हात पोचत नव्हता.

फळ्यावरचा माणूस आता नाही. चूक त्या जागेवर झाली होती, म्हणून ती जागाच रद्द केली आहे. भांडारघराच्या दारामागचा फळा त्यांनी भंगारात टाकला होता, तो मी घरी आणला आणि भिंतीत लाकडी खुंटी ठोकून टांगला. खिळा टिकला नाही, खरंच. त्यावर बारा नंबर लावला आहे. तो कोणाच्या हातात द्यायचा ते मला माहीत नाही.

मी अर्ज केला आहे की गळतीच्या दिवशी मी येऊन नुसता पाइप धरीन. वय झालं आहे आणि माझी नोंद खराब आहे, असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी यायचं आहे. केतकीचा फोन अजून आलेला नाही. मोरी तशीच तुंबलेली आहे. न्हाणीवरच्या माणसाला धुवायला अजून कोणी नेमलेलं नाही.